सिकलसेलचे मूळ पाहा संगणकाच्या पडद्यावर

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटच्या सागवनातून वळणे घेत सिपना नदीच्या काठी सेमाडोहला येतो. चिखलदरा तालुक्यातील कोरकू वस्तीचे हे गाव पर्यटकांना ठाऊक आहे ते वाघामुळे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक १९७३-७४ साली याच जंगलात सुरू झाला. मात्र अमरावती जिल्ह्याच्या या डोंगराळ भागाची आरोग्य कर्मचाऱ्यांना आणखी एक ओळख आहे. येथे गावोगावी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला जातो आणि काही दिवसांनी घरी एक कार्ड येते. त्यावर ‘एए’, ‘एएस’ किंवा ‘एसएस’ अशी दोन अक्षरे असतात. ही तपासणी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची.

ही दोन अक्षरे एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणी थांबवू शकतात, एखाद्या घराला उगीचच रोगट ठरवू शकतात. आणि त्यांचा अर्थ समजून घेतला, तर एखाद्या मुलाला आयुष्यभराच्या वेदनांपासून वाचवूही शकतात. अडचण एवढीच, की या अक्षरांमागे नेमके काय दडले आहे, हे बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते. ते आता पाहता येते. त्यासाठी प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको, पैसेही नकोत. साधा संगणक आणि इंटरनेटची जोडणी पुरेशी आहे. प्रथिनांचे रेणू पडद्यावर त्रिमितीत दाखविणाऱ्या संगणकप्रणाली मोफत उपलब्ध आहेत आणि सिकलसेल हा त्या शिकण्यासाठी अतिशय सोपा आणि विदर्भाला सर्वात जवळचा धडा आहे.

विळ्याच्या आकाराची पेशी

सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल आणि लवचिक असते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून ती अंग चोरून पुढे सरकते. सिकलसेलच्या रुग्णात ऑक्सिजन कमी होताच हीच पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडे असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते आणि रुग्णाला रक्तक्षय जडतो.

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष पेशीचा नसून तिच्यातील हिमोग्लोबिनच्या रेणूचा आहे, असे दाखवून दिले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी रेणूतील नेमकी जागाही शोधून काढली. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. त्यानंतर तो मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात आढळला आणि विदर्भ त्यात ठळकपणे पुढे आला. येथे तो केवळ आदिवासींपुरता मर्यादित नाही.

हिमोग्लोबिनची माळ

पडद्यावर काही पाहण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे, की प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेत वीस प्रकारचे मणी असतात आणि त्यांच्या क्रमावरून माळ कशी दुमडेल, कोणता आकार घेईल हे ठरते. आकारावर तिचे काम अवलंबून असते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा चार साखळ्या असतात. दोन ‘अल्फा’, प्रत्येकी १४१ मण्यांच्या, आणि दोन ‘बीटा’, प्रत्येकी १४६ मण्यांच्या. एकूण मणी ५७४. प्रत्येक साखळीच्या कुशीत ‘हीम’ नावाची एक चकती आणि तिच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. ऑक्सिजन धरून ठेवतो तो हाच अणू.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या क्रमांकाचा मणी बदललेला असतो. तेथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बीटा साखळ्या दोन असल्याने ५७४ पैकी केवळ दोन मणी वेगळे. जनुकाच्या भाषेत सांगायचे तर डीएनएमधील एका अक्षराचा हा फरक आहे. एवढ्याशा बदलाने माणूस वेदनेने का तळमळावा, हे शब्दांत सांगणे कठीण जाते. रेणू डोळ्यांसमोर फिरू लागला, की ते उलगडते.

रेणूंची बँक

प्रथिनांचे आकार छायाचित्रासारखे टिपता येत नाहीत. हिमोग्लोबिनचा रेणू सहा नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान असतो. प्रथिनाचा स्फटिक तयार करून त्यावर क्ष-किरण सोडतात आणि ते कसे विखुरतात यावरून प्रत्येक अणूची जागा गणिताने काढतात. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनसाठी आणि जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनसाठी हे काम केले. दोघांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली मांडलेला आलेख आजही जगभरात प्रथिनांच्या रचना तपासण्यासाठी वापरला जातो.

अशा सर्व रचना ‘प्रोटीन डेटा बँक’ या संग्रहात जमा होतात. १९७१ मध्ये सात रचनांनिशी ही बँक सुरू झाली. २०२३ मध्ये तिने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. येथील प्रत्येक नोंद कोणालाही विनामूल्य घेता येते. नोंदीची फाइल म्हणजे प्रत्यक्षात अणूंच्या नावांची आणि त्यांच्या जागांची एक लांबलचक यादी. रेणू दाखविणारी प्रणाली ही यादी वाचते आणि तिचे चित्र उभे करते.

कोणती प्रणाली घ्यावी?

या प्रणालींची पिढी रॉजर सेल यांच्या ‘रासमोल’ने १९९० च्या दशकात घडविली. साध्या घरगुती संगणकावर रेणू फिरविता येतो, हे अनेक विद्यार्थ्यांनी प्रथम तीवरच अनुभवले. त्यानंतर ‘जेमोल’ आली. वॉरन डीलानो यांनी २००० साली ‘पायमोल’ आणली. शोधनिबंधांतील देखण्या चित्रांसाठी ती आजही लोकप्रिय आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाची ‘कायमेराएक्स’ शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळते आणि मोठ्या रचनाही सहज हाताळते.

नवशिक्याने मात्र ‘मोलस्टार’पासून सुरुवात करावी. ती संगणकावर उतरवून घ्यावी लागत नाही, इंटरनेटच्या ब्राउझरमध्येच चालते. प्रोटीन डेटा बँकेच्या अमेरिकी संकेतस्थळावर, म्हणजे आरसीएसबी डॉट ओआरजी येथे, प्रत्येक नोंदीसोबत ती जोडलेली आहे. मोबाइलवरही ती उघडते, पण माऊस हाताशी असला तर काम सुकर होते.

जेथे इंटरनेटची रेंज भरवशाची नाही, तेथेही मार्ग आहे. हिमोग्लोबिनच्या नोंदीची फाइल मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्रापेक्षा मोठी नसते. शहरातून ती पेन ड्राइव्हवर आणावी आणि आधी उतरवून ठेवलेल्या ‘जेमोल’ किंवा ‘कायमेराएक्स’मध्ये उघडावी. मग पडद्यासमोर अख्खा वर्ग बसू शकतो.

पहिला धडा : निरोगी हिमोग्लोबिन

बँकेतील प्रत्येक नोंदीला चार चिन्हांचा सांकेतिक क्रमांक असतो. संकेतस्थळाच्या शोधचौकटीत ‘४एचएचबी’ हा क्रमांक रोमन लिपीत टंकित करावा. ऑक्सिजन सोडून दिलेल्या निरोगी मानवी हिमोग्लोबिनची ही नोंद पेरुट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. नोंदीचे पान उघडल्यावर त्रिमितीय दृश्याच्या कळीवर टिचकी मारावी. काही क्षणांत फितींचे गुंतागुंतीचे वेटोळे समोर येते.

माऊसची डावी कळ दाबून ओढले, की रेणू फिरतो. मधले चाक फिरविले, की तो जवळ येतो किंवा लांब जातो. उजवी कळ दाबून ओढले, की बाजूला सरकतो. पहिली दहा मिनिटे केवळ हेच करावे. सपाट चित्रात जो गुंता वाटतो, तो फिरविताच खोलीसह दिसू लागतो. चार साखळ्यांना चार रंग दिलेले असतात आणि प्रत्येकीत हीमची चकती ओळखू येते.

येथे दिसणारी फीत ही एक सोय आहे. साखळीचा मार्ग कळावा म्हणून काढलेली ती रेघ असते. प्रत्यक्षात रेणू अणूंनी गच्च भरलेला असतो. दाखविण्याची पद्धत बदलून ‘काड्या आणि गोळे’ निवडले, तर अणूंमधील बंध दिसतात. ‘भरीव गोळे’ निवडले, तर प्रत्येक अणू किती जागा व्यापतो ते कळते. ‘पृष्ठभाग’ निवडला, तर रेणूवरील खाचा आणि उंचवटे नजरेस येतात. एकाच रेणूची ही चार रूपे प्रश्नानुसार निवडायची असतात.

रंगांबाबतही तसेच. कार्बन करडा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा आणि गंधक पिवळा हा रसायनशास्त्रातील संकेत आहे. अणूंना असे रंग नसतात.

दुसरा धडा : सहावा मणी

दृश्याच्या वरच्या भागात अमिनो आम्लांचा क्रम एकाक्षरी खुणांनी मांडलेला असतो. तेथे बीटा साखळी, म्हणजे ‘बी’ किंवा ‘डी’, निवडावी आणि सहाव्या अक्षरावर टिचकी मारावी. प्रणाली रेणूतील त्या जागेजवळ जाते आणि तेथील अणू काड्या-गोळ्यांच्या रूपात उघडून दाखविते. हे ग्लुटामिक आम्ल. त्याची बाजूची शेंडी रेणूच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या दिशेने असते आणि तिच्या टोकाला ऑक्सिजनचे दोन लाल गोळे दिसतात. हे टोक ऋणभारित असून त्याला पाणी मानवते.

आता दुसऱ्या खिडकीत ‘२एचबीएस’ ही नोंद उघडावी. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनची ही रचना १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू, म्हणजे आठ साखळ्या आहेत. येथे बीटा साखळीच्या सहाव्या जागी टिचकी मारली, तर लाल गोळे नाहीसे झालेले असतात. उरतात ते कार्बनचे तीन करडे गोळे. हे व्हॅलिन. त्यावर भार नाही आणि तेलाप्रमाणे ते पाण्यापासून दूर राहू पाहते.

तिसरा धडा : दोन रेणूंचा सांधा

पाण्यात टाकलेले तेलाचे थेंब जसे एकमेकांना चिकटतात, तसेच हे व्हॅलिन आसऱ्याची जागा शोधते. ती जागा शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूवर मिळते. ‘२एचबीएस’मध्ये बीटा प्रकारच्या चारही साखळ्यांचा सहावा मणी एकेक करून पाहावा. त्यांतील एक दोन रेणूंच्या सांध्यावर आलेला आढळतो. समोरच्या रेणूच्या बीटा साखळीत ८५ व्या जागी फेनिलअॅलनिन आणि ८८ व्या जागी ल्युसिन असते. या दोघांमुळे तयार झालेल्या तेलकट खाचेत व्हॅलिन नेमके बसते. ‘पृष्ठभाग’ हे रूप निवडले, की कुलपात किल्ली बसावी तसा हा सांधा दिसतो.

ऑक्सिजन सोडताना हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या एकमेकींच्या तुलनेत किंचित सरकतात आणि त्यानंतरच रेणू अशा रीतीने जुळू शकतात. विळ्याचा आकार ऑक्सिजन कमी झाल्यावरच येतो, तो यामुळे. एका रेणूला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे जुळत लांब दोर बनतात आणि १४ पदरांचा एक तंतू तयार होतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. त्यांचे असे ताठ तंतू झाले, की पेशीचा आकार बिघडणारच.

नवशिक्यांची एक गफलत येथे हमखास होते. ‘२एचबीएस’ उघडल्यावर काही वेळा एकच रेणू दिसतो, कारण प्रणाली आपण होऊन शरीरात काम करणारा एक संच दाखविते. सांधा पाहायचा तर संच निवडण्याच्या यादीतून स्फटिकातील मूळ संच निवडावा लागतो. उलट ‘१एचएचओ’ या ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनच्या नोंदीत मूळ फाइलमध्ये दोनच साखळ्या आहेत. तेथे पूर्ण रेणूसाठी जैविक संच निवडावा लागतो.

चाचणीचा अर्थही उलगडतो

रेणू पाहिला, की आरोग्य केंद्रातील चाचण्या गूढ राहत नाहीत. पहिली असते ती सोल्युबिलिटी चाचणी. रक्ताचा थेंब ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात टाकतात. सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. तिसऱ्या धड्यातील सांधाच येथे नळीत गढूळपणा आणतो.

मात्र या चाचणीतून वाहक आणि रुग्ण यांतील भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हिमोग्लोबिनला विद्युत क्षेत्रात धावायला लावतात. दुसऱ्या धड्यात दिसले, की व्हॅलिन आल्याने ऋणभार गेला. त्यामुळे सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे सावकाश सरकते आणि मागे राहते. वाहकाच्या नमुन्यात निरोगी आणि सिकल असे दोन पट्टे उमटतात. रुग्णाच्या नमुन्यात निरोगी हिमोग्लोबिनचा पट्टा नसतो. कार्डावरील ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे येतात ती येथून.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

ज्याच्या कार्डावर ‘एएस’ आहे, त्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सिकलचे जनुक मिळाले आहे. त्याच्या रक्तात निरोगी हिमोग्लोबिनही भरपूर असते. निरोगी रेणूच्या सहाव्या जागी व्हॅलिन नसल्याने त्या जागी दोर पुढे जुळत नाही, तंतूची वाढ खुंटते आणि बहुतेक वाहकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. किंबहुना वाहकाला तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्पिढ्या टिकून राहिले, त्याचे कारण हेच. त्यात शाप नाही, कोणत्या जातीचा वा जमातीचा कमीपणाही नाही.

प्रश्न उद्भवतो तो दोन वाहकांचे लग्न झाल्यास. त्यांच्या प्रत्येक अपत्याबाबत ते ‘एसएस’, म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका टळत नाही; प्रत्येक गर्भधारणेला हिशेब पुन्हा नव्याने सुरू होतो. वाहकाने निरोगी जोडीदाराशी लग्न केल्यास मात्र या जोडप्याचे कोणतेही अपत्य ‘एसएस’ होत नाही. म्हणून लग्नापूर्वी दोघांची कार्डे पाहणे महत्त्वाचे. वाहक मुलीला किंवा मुलाला केवळ त्या दोन अक्षरांवरून नाकारणे हा या तपासणीचा हेतू नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध वापरात आहे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते आणि या हिमोग्लोबिनमुळे तंतू जुळण्यात अडथळा येतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक संपादनावर आधारित उपचारालाही मान्यता मिळाली. त्यातही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करण्याचाच मार्ग अवलंबिला आहे.

पाहताना राखावयाचे भान

पडद्यावरचा रेणू स्थिर दिसतो, शरीरात तो सतत हलत असतो. क्ष-किरणांनी काढलेल्या बहुतेक रचनांत हायड्रोजनचे अणू दिसत नाहीत, म्हणून ते नसतात असे नव्हे. नोंदीच्या पानावर ‘रेझोल्यूशन’चा आकडा असतो. तो जितका लहान, तितका तपशील बारीक. ‘४एचएचबी’साठी तो १.७४ अँगस्ट्रॉम आहे, ‘२एचबीएस’साठी २.०५.

अलीकडे ‘अल्फाफोल्ड’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार वर्तविते. या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तिने दिलेल्या रचनेत निळा भाग भरवशाचा, तर नारिंगी भाग शंकास्पद मानावा. तो अंदाज असतो, प्रयोगाने सिद्ध झालेली रचना नव्हे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे ही प्रणाली रोगनिदान करीत नाही. कोणाच्या रक्तात काय आहे, हे रक्ताची तपासणीच सांगते. पडद्यावरचा रेणू त्या तपासणीचा अर्थ सांगतो. अमरावतीच्या महाविद्यालयात असो वा सेमाडोहजवळच्या एखाद्या आश्रमशाळेत, ज्या विद्यार्थ्याने तो सहावा मणी एकदा स्वतः शोधून पाहिला, त्याला ‘एएस’ म्हणजे आजारी नव्हे, हे घरी आणि गावात समजावून सांगता येईल.